झेरॉक्सच्या दुकानातली स्क्रीन

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लाइट बिलाची प्रिंट काढायला गेलो. तिथे दुकानाच्या नंबरवर फाइल पाठवायची, मग ताई ती कॉम्प्युटरवर उघडून छापतात. स्क्रीनचं तोंड गिऱ्हाइकांकडे. माझं बिल शोधताना कुणाचं आधार कार्ड दिसलं, कुणाची पत्रिका, आणि मध्येच माझा गेल्या महिन्यातला गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, नावासकट. मीच पाठवलेला. बायकोला कळू नये म्हणून घरी तो कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

"ताई, ते जुनं पुसून टाका ना."

"असू दे की काका. परत लागला तर पाठवायचा त्रास नको," म्हणत त्या मशीनकडे वळल्या.

दाराला आपण दोन दोन कड्या लावतो आणि जिवाला लागलेली गोष्ट अंगठ्याने परक्याच्या हवाली करतो. ती परत कशी आणायची, हे कुणालाच माहीत नसतं.

तेवढ्यात मागे आमच्या शेजारच्या वहिनी येऊन उभ्या राहिल्या. रिपोर्ट दिसू नये म्हणून मी स्क्रीनसमोर सरकलो. बिल हातात आलं, तरी हललो नाही.

"भावोजी, झालं ना तुमचं?"

"अजून एक प्रिंट राहिलीय," मी म्हणालो, आणि फोनमध्ये पाठवण्यासारखं काहीतरी शोधू लागलो.