एक बाण कमी

"मॅडम, एकडाव अजून चालवून पाहा ना," सुनंदा सिस्टर म्हणाली. मी तिसऱ्यांदा प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर तेच. उत्तर नाही.

सुनंदा आमच्या संस्थेच्या नेरच्या दवाखान्यात नर्स. आई मुकुटबनला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेली. बदलीसाठी ती यवतमाळच्या ऑफिसात आली होती. बदल्या माझा प्रोग्राम ठरवायचा. आपण फक्त नियम लिहायचे: प्रत्येक दवाखान्यात दोन नर्स, त्यांतल्या एकीला तरी बाळंतपणाचं ट्रेनिंग. सगळ्या नियमांत आणि मागितलेल्या बदलीत बसणारी यादी शोधतो तो सॉल्व्हर; अशी यादीच नसेल तर 'उत्तर नाही' म्हणतो. तो मी स्वतः लिहिला होता आणि त्याचा मला भारी तोरा होता.

"माय दुसऱ्याच्या हातानं पानीबी पेत नाही जी," सुनंदा म्हणाली.

"कम्प्युटर नाही म्हनते ना? मंग विषय खतम," बदल्यांवर सही करणारे साहेब म्हणाले. मीही मान डोलावली.

पुढे काही महिन्यांनी नवा सॉल्व्हर घ्यायचं ठरलं. तुलनेसाठी जुनेच अर्ज त्याला दिले. त्यानं सुनंदाला मुकुटबन दिलं. मी दोन्ही सॉल्व्हर उघडून बसले.

सॉल्व्हरची तुलना नुसत्या वेगावर करू नये. प्रत्येकाचा नकाशा काढावा. अर्धवट भरलेली यादी म्हणजे एक गोल. अंदाज करणं, नियमानं पुढचं भरणं, अडलं की मागे फिरणं, अशी चालणारी प्रत्येक पायरी म्हणजे एक बाण. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. माझ्या नकाशात एक बाण कमी होता: एकच अंदाज मागे फिरण्याचा. वेग वाढवायच्या नादात, अडलं की एकदम दोन अंदाज मागे जायचं, असं मी लिहून ठेवलं होतं. मधल्या अंदाजाचा दुसरा पर्याय कधी पाहिलाच जात नव्हता. सुनंदाची बदली नेमकी तिथे होती.

साहेबांनी त्याच दिवशी ऑर्डर काढली. मी फोन लावला. "सिस्टर, मुकुटबन मिळालं. चूक माझी होती."

ती म्हणाली, "माय गेली मॅडम. पंधरा दिस झाले. आता कोनासाठी जाऊ?"

मला रडू आवरेना. तीच समजूत घालू लागली, "जाऊ द्या, मशीन चुकतेच." मशीन नाही, मी चुकले होते. तेवढंही मला नीट सांगता आलं नाही.

सुनंदानं बदली घेतली नाही.

सॉल्व्हरनं यादी दिली तर ती कोणीही नियमांशी ताडून पाहतं. "उत्तर नाही" म्हटलं की ताडायला हातात काहीच नसतं. माणूस उठून घरी जातो. म्हणून आता नकार कळवण्याआधी मी नकाशा काढते, एकही बाण सुटला नाही ना ते पाहते. दोन दिवस जातात. साहेब कुरकुरतात.