दोघांच्या सुट्टीचा लसावि

बाल्कनीतल्या दोरीवर बाबांचा निळा गणवेश आणि आईची पांढरी साडी शेजारीशेजारी वाळत असायची... खाडीवरचा खारट वारा त्यांना एकमेकांवर लोटत राहायचा. घरात मात्र ते दोघं असे क्वचितच भेटत. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रसायनांच्या कारखान्यात पाळीवर, आई खाडीपलीकडे चेंबूरच्या इस्पितळात परिचारिका. एकाची पावलं जिना उतरत तेव्हा दुसऱ्याची चढत. आणि वाशीच्या त्या अर्ध्या रिकाम्या, ओल्या चुन्याचा वास येणाऱ्या इमारतीत, झाकून ठेवलेल्या गार वरणभाताच्या सोबतीनं मी एकटी.

बाबांना दर सहाव्या दिवशी सुट्टी, आईला दर आठव्या. एका शनिवारी योगायोगानं दोघंही घरी होते. आईनं सुरमई तळली, बाबा मोठमोठ्यानं गायले, संध्याकाळी आम्ही तिघं खाडीच्या बांधावर बसलो. तसा दिवस पुन्हा कधी? मी सहाला आठानं गुणलं — अठ्ठेचाळीस! रडूच आलं. मग शाळेतला लसावि आठवला. सहातही दोन आहे, आठातही दोन आहे. तो दोनदा कशाला धरायचा? सहाच्या पटी म्हणत गेले, आठाच्या म्हणत गेले, आणि चोविसावर दोन्ही भेटल्या.

"आई, येत्या मंगळवारी तुमची दोघांची सुट्टी आहे."

"कुणी सांगितलं गं?"

"लसाविनं."

मंगळवारी शाळेतून धावतच आले. रात्रपाळी करून आलेले बाबा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेले. चटईवर आई, तिच्या केसांना अजून इस्पितळातल्या औषधांचा वास. मी हाक मारली नाही. दोघांच्या मधल्या जागेत, त्यांचे श्वास ऐकत, ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत पडून राहिले...

पुढच्या महिन्यात बाबांचं खातं बदललं. "आता सातव्या दिवशी सुट्टी बरं का," बूट काढता काढता ते म्हणाले. सात आणि आठ — इतके शेजारी, पण एकाखेरीज दोघांत समान काहीच नाही. छप्पन्न.

"मग आता कधी गं येतोय तुझा तो दिवस?" बाबांनी विचारलं.

"येईल लवकरच," मी म्हणाले.

निवृत्तीनंतर दोघं रोजच घरी असत. तोवर मी नोकरीसाठी नागपूरला गेले होते. आता बाबा नाहीत. आई सांगते, त्या वर्षांत दुपारी ते दोघं आमनेसामने बसून शेंगा सोलत — फारसं काही न बोलता, ऊन कलेपर्यंत.

ती दुपार मी कधीच पाहिली नाही.