मामासाहेब उभे राहीनात

आमचा मध्य भारत मोडून नवा मोठा प्रांत होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे ठरत आलं तेव्हा ग्वाल्हेरच्या मानापमानावर माझ्याइतकं तावातावाने दुसरं कोणी बोलत नसेल. एकवीस वर्षांची होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांमधल्या बायका दुपारी गहू निवडायला जमल्या की मी सुरू व्हायची, “राजधानी काय खाट आहे, उचलली आणि दुसऱ्या अंगणात टाकली? ग्वाल्हेरची काही इज्जत आहे की नाही?”

इज्जत गेली खड्ड्यात. मला धास्ती होती किला गेटच्या घराची.

हे सचिवालयात कारकून. दफ्तर भोपाळला गेलं की हेही जाणार, आणि थाटीपुरचं क्वार्टर सरकारजमा. भोपाळला तर अफसरांनाच घरं पुरेनात, कारकुनाच्या बायकोला कोण विचारतो? घर मिळेतोवर मी कुठे राहणार? सासरी, किला गेटला. चार जावा, एक मोरी, आणि सगळ्यांवर सासूबाईंचा आवाज. त्या घरात मी लग्नानंतर दोन वर्षं काढली होती. थाटीपुरला आल्यावर पहिल्यांदा मी माझ्या मनाने भाजीत गूळ घातला. तो गूळ जाणार म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, आणि तोंडाने मात्र ग्वाल्हेरची इज्जत.

आशा एकच होती. माझे सख्खे मामा लोकसभेत होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी महाराजांच्या दरबारात काढलेली, पुढे लोकांनी त्यांना दिल्लीला पाठवलं. या अधिवेशनाला जाताना म्हणाले होते, “राजधानी जाते तर जावो बाई, पण चार दफ्तरं तरी इथे राहू द्या, एवढं मी सभागृहात बोलणारच.”

लोकसभेत नव्या प्रांतांच्या विधेयकावर चर्चा सुरू झाली. हे रोज बाड्याच्या चौकातून अखबार आणायचे आणि मी चहा निवत ठेवून त्यावर तुटून पडायची. अमके बोलले, तमके बोलले. मामासाहेबांचं नाव नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “वहिनी, तुमचे मामा पार्लमेंट में सिर्फ चाय पीने जाते हैं क्या?”

मामींची तब्येत बरी नाही, अशी थाप यांना मारून मी एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर दिल्लीची गाडी पकडली. मामी दारातच भेटल्या, ठणठणीत, हाताला बेसन लागलेलं.

“मामासाहेब, तुम्ही बोलत का नाही?” मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

“बोलावणं आलं नाही ना, पोरी,” ते शांतपणे म्हणाले. “नाव तर मी पहिल्याच दिवशी दिलं आहे.”

“बाकीच्यांना कसं बोलावतात?”

“ते उभे राहतात. एकाचं भाषण संपलं की दहा जण उभे. मग अध्यक्ष त्यातल्या एकाला पुकारतात.”

“मग तुम्ही?”

मामासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना पंगतीत बसून हाताने वाढून घ्यायला सांगितलं. “नाव दिल्यावर पुन्हा उभं राहून तोंड दाखवायचं? मानकऱ्याने आपल्या जागी बसावं, पुकारा झाला की उठावं. आमच्या वडिलांनी हेच केलं, मी हेच केलं.”

“तुमच्या वडिलांना चोपदार पुकारायचा,” मामी आतून म्हणाल्या. “इथे कुठे आहे चोपदार? उद्या चर्चा संपते आहे.”

उद्या! मामासाहेब माझा चेहरा न्याहाळत म्हणाले, “तू कशाला एवढी घाबरी झाली आहेस? खरं सांग.” मी ग्वाल्हेरच्या इज्जतीपासून सुरुवात केली, पण त्यांच्यापुढे ते गाडं फार लांब जाईना. किला गेट, मोरी, जावा, सगळं रडून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, पण उभं राहायला काही तयार होईनात.

तेव्हा मला अक्कल सुचली. आयुष्यात फार वेळा सुचलेली नाही, म्हणून लक्षात आहे.

“मामासाहेब, दरबारात मुजरा बसून करायचे का?”

“बसून? छे!”

“मग अध्यक्षांना मुजरा करायला तरी उठाल? बोलायला नकाच उठू.”

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “मुजऱ्याला हरकत नाही.” मामी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत. खाली मामासाहेब पगडी घालून, पाठ ताठ करून बसलेले. एक भाषण संपलं. शाळेत पोरं उठतात तसे दहा-बारा जण उठले. मामासाहेब हलले नाहीत. दुसरं संपलं, तरी नाहीत. मी मामींचं मनगट इतकं आवळलं की त्यांची बांगडी पिचली. तिसऱ्याला ते उठले, झुकून मुजरा केला आणि इतक्या झटकन बसले की अध्यक्षांची नजर पोचेपर्यंत खुर्ची भरलेली. मी जोरात “अरे देवा!” म्हटलं. पहारेकरी धावत आला, “बहनजी, चुप रहिए, नहीं तो बाहर.”

चौथ्या खेपेला त्यांच्या गुडघ्याने घात केला, म्हणजे माझं भलं केलं. मुजरा झाला, पण बसताना पाय आखडला. बाकाला धरून तसेच अर्धवट उभे राहिले, आणि अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलं.

पुकारा झालेला! मामासाहेबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मग त्यांनी अध्यक्षांना अभिवादन केलं, मंत्र्यांना केलं, विरोधकांना केलं, सभागृहाच्या परंपरेला केलं. वेळ संपत आल्याची घंटी वाजली. ग्वाल्हेर अजून आलंच नव्हतं. दुसरी घंटी वाजली तेव्हा ते एकदम म्हणाले, “श्रीमान, ग्वालियर के कुछ दफ़्तर वहीं रहने दिए जाएँ। मेरी अपनी भानजी ऊपर बैठी है। दफ़्तर गया तो उसे सास के पास लौटना पड़ेगा, और वह यह बिल्कुल नहीं चाहती।”

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांनी समज दिली की गॅलरीकडे बोट दाखवू नये. मी बाकाखाली शिरायला जागा शोधत होते.

ग्वाल्हेरला परतले ती तोंड लपवतच. भाषण अखबारात आलं होतं, “भानजी” म्हणून माझ्यासकट. काही दफ्तरं पुढे ग्वाल्हेरला राहिली, यांचं मात्र भोपाळला निघालं. मामासाहेबांमुळे काय राहिलं आणि काय नाही, देव जाणे. मला त्या घडीला एवढंच दिसत होतं की आता किला गेट चुकत नाही, आणि तेही अशी शोभा झाल्यावर.

सासूबाईंनी बोलावणं धाडलं. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभी. चारी जावा दाराआड.

“देशाच्या पंचायतीत माझी चुगली?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मी नाही... मामासाहेब काहीतरीच बोलले.”

“त्यांना खोटं बोलता येत नाही, हे लश्करच्या गल्लीगल्लीला ठाऊक आहे.” त्यांनी पानाचा विडा गालात सरकवला. “तू इथे यायचं नाहीस. नवऱ्याबरोबर भोपाळला जा. एका खोलीत राहा, नाही तर तंबूत राहा. माझ्या घरी नाइलाजाने आलेली सून मला नको.”

आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पदर डोळ्यांना लावला. दाराआडून धाकटी जाऊ हळूच म्हणाली, “वहिनी, तुमचे मामा माझ्यासाठी पण बोलतील का?”