लागलं कोणाले?

१२ जून. गिरणीच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी धुवायला काढली होती. तिच्यावर पीठ आणि तेल मिळून थर बसतो, तो खरवडावा लागतो. तेवढ्यात समोरच्या जीप स्टॅण्डवरून सुदाम ड्रायव्हर आला.

"ताई, चाचाले जाऊन महिना झाला. आता त्याहिचा इम्याचा नियम बंद करून राह्यलो आमी. माह्या गाडीचा परवाच संपला. मी काही भरत नाही."

मी खरवडत राहिले.

गफ्फारचाचा चिखली ते साखरखेर्डा जीप चालवायचे आणि स्टॅण्डवर गाड्यांचे नंबरही तेच लावायचे. अपघाताची बातमी आली की माणसं आधी विचारतात, चूक कोणाची? चाचा विचारायचे, "लागलं कोणाले?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरं काही ऐकून घेत नसत.

एकदा सुदामच्या जीपसमोर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि जीप शेतात कलंडली. माझ्या गिरणीत कामाला असलेल्या कमलचा पाय मोडला. खर्च कोणी करायचा यावर भांडण जुंपलं. तिचा नवरा म्हणे चूक सुदामची, सुदाम म्हणे रोह्याची.

"रोह्याची ना बे?" चाचा म्हणाले. "मंग जा, जंगलात त्याले नोटीस देऊन ये."

शेवटी स्टॅण्डवर वर्गणी झाली, पण तोवर ऑपरेशन लांबलं होतं. कमल अजून लंगडते. चाचा म्हणायचे, "चूक सरळ करता करता पोरीचं हाड वाकडं जुळलं."

त्यानंतर त्यांनी नियम केला. सरकारी सक्तीचा विमा सगळ्यांकडे असतोच. त्याशिवाय चूक कोणाची हे न विचारता गाडीतल्या जखमीला पैसे देणारा जादा विमा ज्याच्याकडे नाही, त्याला नंबर नाही. सुदाम तेव्हाही कुरकुरला, "मी गाडी चांगली चालोतो, मी काऊन भरू?"

"तू चांगला चालोतो बे. रोही चालोते काय?"

मलाही नियम पटला नव्हता. भाडं वाढेल, म्हणून मी हटकलं. त्यांनी माझ्या पट्ट्याकडे बोट केलं. "ही जाळी काऊन लावली, ताई? तुमची कमल तं कधी हात घालत नाही तिथं."

एका बाजाराच्या दिवशी त्यांच्या स्वतःच्याच विम्याची मुदत संपलेली निघाली. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत विसरले होते. जीप भरलेली, पोती टपावर चढलेली. चाचांनी सगळ्यांना उतरवलं, पोती स्वतः खाली घेतली आणि सुदामच्या गाडीत चढवली. सुदाम दात काढत म्हणाला, "चाचा, आजच्या दिवस चालते ना."

"अपघात तारीख पाहून येते काय बे?"

इतका आडमुठा आणि इतका सरळ माणूस त्या स्टॅण्डने दुसरा पाहिला नाही.

जाळी धुऊन झाली तरी सुदाम उभाच होता. मी म्हटलं, "उद्या मले साखरखेर्ड्याले जायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी बसवली, बोल्ट आवळले आणि कमलला घेऊन स्टॅण्डवर गेले. पहिला नंबर सुदामचा. जीप भरत आली होती.

"इमा भरला काय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"बसा ना ताई. मी कसा चालोतो, ठाऊक हाय तुमाले."

"तुह्यं ठाऊक हाय. रोह्याचं सांग."

कमल हसली आणि लंगडत मागच्या, विमा अजून चालू असलेल्या जीपकडे निघाली. मी तिच्यामागे गेले. वळून पाहिलं, तर सुदामच्या जीपमधून दोन बाया पिशव्या घेऊन उतरत होत्या.