मंडईचा फोटो

आमच्या आरोग्य कार्यालयातले फोनवाले डॉक्टर रोग्याची नाडी नंतर बघत, आधी त्याच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप बघत. भंडारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या ग्रुपांत ते होते. वाढदिवस, बारसं, हरवलेली म्हैस, सगळं मन लावून वाचत. जेवताना डब्यात काय आहे याचा पत्ता नसे. मी तिथे परिचारिका होते. आम्ही त्यांची फार टिंगल करायचो.

पण एका गावातल्या तिघाचौघांनी अंग मोडून आल्याचं लिहिलं, की हे गाडी काढायला लावत. "लोक दवाखान्यात उशिरा येतेत, फोनवर पहिले कन्हतेत," म्हणायचे. तुमसरकडच्या एका गावातला डेंग्यू त्यांनी असाच वेळेवर धरला, तेव्हा आमची टिंगल थांबली. मात्र गावांनाही एक कळलं. फोनवर आजार लिहिला, की डॉक्टर येतात आणि गर्दीचे कार्यक्रम बंद करायला लावतात.

इथेच घात झाला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते. पाहुणे येतात, नाटकं होतात, सोयरिकी जुळतात. अड्याळकडच्या एका गावात मंडईच्या तोंडावर हगवण लागली आणि गावाने ठरवलं, फोनवर अवाक्षर टाकायचं नाही. डॉक्टरांची थोरली बहीण त्याच गावात दिलेली. तिलाही लागण झाली होती. तीच सुनेला म्हणाली, "भाऊले सांगू नोको. इतके पाहुणे बलावले, मंडई बंद करन तो." सुनेने मंडईच्या सकाळी अंगणातल्या रांगोळीशेजारी बसून हसरा फोटो ग्रुपवर टाकला. डॉक्टरांनी त्याखाली 'छान' लिहिलं आणि तापाची साथ असलेल्या दुसऱ्या गावाला निघून गेले. मंडई जोरात झाली. बहीण त्याच दिवशी दवाखान्यात नेताना वाटेतच वारली.

त्यानंतरही त्यांनी फोन सोडला नाही. उलट गप्प बसलेले ग्रुप शोधू लागले. जिथे कोणी कण्हत नाही तिथे पहिले जा, असं आम्हाला बजावत. मला त्यांच्याकडे बघवत नसे. त्या गावाचा मात्र राग यायचा, अजून येतो.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी नव्या परिचारिकांना समोर बसवून तो फोटो दाखवला. यात आजारी कोण, विचारलं. पोरी रांगोळी बघत राहिल्या, हसणारी सून बघत राहिल्या. मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मागे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, डोळे पार खोल गेलेले.

"मले बी नाही दिसली," ते म्हणाले. "माही बहीण होती."