आईला ओलांडून गेलेला गुलवेन

माझा दीर गुलवेन व्यावसायिक सायकलपटू होता, पण त्याची सारी उमेदीची वर्षं संघातल्या दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या पुरवण्यात गेली. एकही शर्यत त्याच्या नावावर नव्हती. "यंदा जिंकला नाहीस तर घरी बस," असं संघाच्या मालकानं तोंडावर सांगितलेलं.

त्याच उन्हाळ्यात शर्यत आमच्या केरव्हालेक गावातून जाणार होती. ज्याचं गाव येतं त्या गड्याला सायकलपटूंचा जथा पुढे जाऊ देतो. त्यानं थांबावं, घरच्यांना भेटावं आणि मुकाट्यानं परत जथ्यात मिसळावं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडतही कुणी नाही.

सासूबाई सकाळपासून चर्चपाशी उभ्या होत्या. हातात कुट्टूच्या पिठाचं धिरडं, आत सॉसेज, वर स्वच्छ रुमाल.

गावाबाहेर जथ्यातला ज्येष्ठ मार्सियाल गुलवेनला म्हणाला, "जा रे, आईचा मुका घेऊन ये. आम्ही दमानं येतो."

गुलवेन चढावरून एकटा आला. आम्ही ओरडलो. सासूबाईंनी हात पुढे केला. त्यानं मान खाली घातली आणि सुसाट निघून गेला. धिरडं रस्त्यावर पडलं.

शर्यत तो जिंकला. दुसऱ्या दिवशी फुलांचा गुच्छ घेऊन घरी आला, तर सासूबाई दारातच उभ्या.

"आई, नोकरी वाचली माझी!"

"वाचली ना? मग जेवायलाही तिच्याकडेच जा."

कोपऱ्यावरचा बेकरीवाला मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "बाजूला व्हा रे, हा आईसाठीही थांबत नाही!"

पुढचं वर्ष नरकासारखं गेलं. गुलवेन जरा पुढे सरकला की एकमेकांचे वैरीसुद्धा मिळून त्याला मागून गाठत. कुणी घोटभर पाणी देईना. शर्यत पुन्हा आमच्या गावाशी आली तेव्हा त्यानं मार्सियालची विनवणी केली, "दादा, एकदाच. शपथ, थांबतो."

"घाई काय आहे? ये की आमच्याबरोबर."

खांद्याला खांदा लावून त्यांनी त्याला मधोमध कोंडलं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, धिरडं घेऊन. गुलवेनला हँडलवरचा हात उचलता येईना. मार्सियाल मात्र कडेला आला, वेग कमी केला, त्यांच्या हातातलं धिरडं घेतलं आणि गुलवेनकडे बघत मोठा घास तोडला.

"झकास झालंय, मावशी!"

सासूबाईंनी रिकाम्या रुमालाची घडी केली. "कुणीतरी थांबलं म्हणायचं," एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी गुलवेननं सायकल सोडली. आता तो दुधाचा टँकर चालवतो. चर्चपाशी कितीही हॉर्न वाजवला तरी गावातलं कुणी बाजूला होत नाही.