वल्ह्याशी अकरा वर्षं

माझी नणंद वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. नात्याने वन्सं, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून ताईच म्हणते. ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगतात, जसं आपण एखादं बिल भरायचं राहून गेलं म्हणतो.

सकाळी आठला त्या लाकडी पेटी घेऊन निघतात. पेटीत मखमलीवर प्रमाणित वजनं, सर्वांत लहान वजन चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटाच्या घामानेही ते जड होतं. बाजारात ताई दिसल्या की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत निरोप त्यांच्याआधी पोचतो. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, तिरका ठेवलेला काटा, पेट्रोल पंपावरचं तुटलेलं शिशाचं सील, हे त्यांना दारातूनच दिसतं. आणि पकडला गेलेला प्रत्येक जण एकच सांगतो. "विसरलो हो मॅडम. लक्षातच आलं नाही." ताई ऐकून घेतात आणि लिहून घेतात. तीस वर्षांत हे कारण त्यांनी एकदाही मानलेलं नाही.

म्हणून टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेबद्दल त्यांचं जे मत होतं त्याचं मला नवल वाटायचं.

मालिका एका फेरीबोटीची होती. नदीच्या अल्याडहून पल्याड जाणारी बोट, ती चालवणारा तांडेल, धक्क्यावर तिकिटं फाडणारी बाई, आणि रोजचे उतारू. सहा वर्षं चालली आणि एका आठवड्यात अचानक बंद झाली. शेवटच्या भागात धक्क्याची साखळी उघडी राहते आणि तांडेलाच्या भावाची गाडी उतारावरून सरळ पाण्यात जाते. साखळी लावणं हे तिकीटवालीचं काम. तिचं आणि त्या भावाचं वाकडं असतं. ती मुद्दाम साखळी लावत नाही, की विसरते? पुढचा भागच आला नाही, त्यामुळे कुणालाच कळलं नाही.

वीस वर्षांनंतरही हा प्रश्न सोडवत बसलेली तीन-चारशे माणसं आहेत, हे मला ताईंमुळे कळलं. त्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. तिथे खरं नाव कुणी लावत नाही. ताईंचं नाव होतं 'काटा'. तराजूचा म्हणून घेतलं होतं, पण लोकांनी पायात रुततो तो समजून घेतला आणि ताईंनी दुरुस्त केलं नाही.

ताई म्हणायच्या, तिकीटवाली विसरली. 'वल्हं' नावाचा एक गृहस्थ म्हणायचा, मुद्दाम केलं. दोघांचं यावरून अकरा वर्षं भांडण चाललं होतं. रोज संध्याकाळी सहा ते सात ताई जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसायच्या आणि मी भाजी चिरता चिरता ऐकायची. "बघा वहिनी, आता हे म्हणतात तिने मागे वळून पाहिलं. वळून पाहिलं म्हणजे गुन्हा झाला?"

वल्ह्याला त्या नेहमी 'ते' म्हणायच्या. ह्यांना त्यात काहीतरी वेगळंच दिसायचं. मी एकदा ताईंना सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "वहिनी, भांडायला माणूस लागतो. नवरा नाही लागत."

तर ती मालिका बंद होऊन वीस वर्षं झाली म्हणून ग्रुपने मेळावा भरवला. जिथे चित्रीकरण झालं त्याच शहरात, दोन दिवस एका सभागृहात, आणि तिसऱ्या दिवशी मालिकेतल्या जागा बघायला मिनीबस. वल्ह्याने लिहिलं, "येतोय. समोरासमोर होऊन जाऊ दे." ताईंनी रजा टाकली, केस रंगवले, नव्या चपला घेतल्या आणि एका वहीत बावीस मुद्दे लिहून काढले.

पुढचं मला ताईंनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. काही तिथे त्यांना भेटलेल्या एका मुलीने सांगितलं. दोघींचं जुळतं, म्हणून तसंच सांगते.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर सगळ्यांची टोपणनावं लिहिलेले बिल्ले मांडले होते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकच बिल्ला उरला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता. वल्हं आलं नाही. ताईंची अवस्था लग्नाला जाऊन जेवण न मिळालेल्या पाहुण्यासारखी झाली. तुम्ही तिकीटवालीच्या बाजूच्या ना, असं लोक येऊन कौतुकाने म्हणत होते, पण बाजू घेऊन करायचं काय, समोर कुणी नको?

तिसऱ्या दिवशी सकाळी मिनीबस निघाली. चौदा माणसं होती. सगळी जमवाजमव एका चष्म्याच्या दुकानदाराने केली होती. त्याच्याकडे नऊ जागांची यादी होती आणि गळ्यात शिट्टी होती. ताईंच्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, बिल्ल्यावर नुसतं 'पाहुणी'. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते म्हणाली.

पहिली जागा म्हणजे तांडेल जिथे चहा प्यायचा ती टपरी. तिथे आता टायरचं दुकान होतं. चष्मेवाल्याने शिट्टी वाजवली आणि चौदा माणसांनी उतरून टायरांचे फोटो काढले. दुकानदार आधी घाबरला, मग स्वतःच एका टायरला टेकून उभा राहिला.

दुसरी जागा घड्याळाचा मनोरा. एकशे बावन्न पायऱ्या. ताईंचे गुडघे नाही म्हणाले. बाकीचे वर गेले, ताई खाली बाकावर बसल्या आणि ती मुलगीही थांबली.

"तू जा की वर," ताई म्हणाल्या.

"नको. मला उंचीची भीती वाटते," मुलगी म्हणाली. हे खोटं होतं, ते तिने नंतर कबूल केलं.

ताईंनी तिला सगळं भांडण पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "अकरा वर्षं नाकात दम आणला माणसाने. आणि आयत्या वेळी शेपूट घातली. मला वाटलं होतं, निदान भित्रे नसतील."

 वरून लोक हात हलवत होते, त्यांना मुलीने हात हलवला.

दुपारी धक्का आला. पूल झाल्यापासून फेरीबोट बंदच आहे. उतारावर सिमेंट ओतलंय, तिकीटघराला कुलूप आहे. पण साखळीचे दोन लोखंडी खांब अजून उभे होते आणि त्यांतल्या एकाला कडी होती.  मग चष्मेवाला म्हणाला, "काटा मॅडम, आता तुम्हीच दाखवा. कशी विसरली ते."

ताईंनी दाखवलं. तिकीटघराच्या दारातून खांबापर्यंत चालत गेल्या, पावलं मोजली. वाटेत तिला हाक मारणारी म्हातारी कुठे उभी होती ते दाखवलं. "हाक आली, लक्ष गेलं, हातातलं राहिलं. संपलं. यात मुद्दाम काय आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "टाळ्या नकोत. ते असते तर इथेच निकाल लागला असता."

लोक फोटोंसाठी पांगले. मुलगी खांबापाशीच उभी होती. ती म्हणाली, "ते म्हणाले असते, हाक डावीकडून आली आणि साखळी उजव्या हातात होती. डावीकडे बघायला उजवा हात सोडावा लागत नाही."

ताई म्हणाल्या, "हे त्यांनी गेल्या महिन्यातच लिहिलंय."

"त्यांनी नाही. मी लिहिलंय."

ताईंनी हातातली मुद्द्यांची वही मिटली.

"वल्हं म्हणजे माझे बाबा," मुलगी म्हणाली. "बसच्या आगारात मेकॅनिक होते. ते गेले. चार वर्षं झाली मार्चमध्ये. त्यानंतरचं सगळं मी लिहिलंय."

ताईंनी विचारलं, "तारीख?"

मुलीने तारीख सांगितली.

"पहिलं कुठलं? तुझं पहिलं?"

"तुम्ही लिहिलं होतं, 'आठ दिवस उत्तर नाही. सुचत नसेल तर सरळ कबूल करा.' त्याचं उत्तर."

ताई तिथेच दगडी कठड्यावर बसल्या. त्यांना ते वाक्य आठवत होतं. लिहिताना आपण हसलो होतो, हेही आठवत होतं.

मुलगी उभीच होती. "बाबांचा फोन माझ्याकडे होता. बंद करायचा म्हणून हातात घेतला होता. घरात आठवडाभर सगळे हळू आवाजात बोलत होते. आईशी, माझ्याशी. एवढं एक तुमचं वाक्य होतं, जणू माणूस समोर बसलाय आणि तुम्ही त्याला दटावताय. म्हटलं, एक उत्तर देऊ आणि सांगून टाकू. मग तुमचं उत्तर आलं."

"आणि तू 'मी लिहितो', 'मी म्हणतो' करत राहिलीस?"

"चार वर्षं. परवा लॅबमध्ये पेशंटला म्हणाले, 'आलो हं.'"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी तिला जे ऐकवलं ते कामावर असल्यासारखं ऐकवलं. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या सीलखाली आपला माल विकणं हा गुन्हा आहे. मी यासाठी दुकानं बंद केली आहेत. तू चूक केलीस असं मी म्हणत नाही. चूक एकदा होते, तू रोज केलंस."

"हो," मुलगी म्हणाली. "म्हणून बिल्ला उचलला नाही."

चष्मेवाल्याने शिट्टी वाजवली. यादीतल्या सहा जागा अजून बाकी होत्या आणि बस एकच होती, त्यामुळे रागावून जायलाही कुठे जागा नव्हती. ताई पुढे चष्मेवाल्याशेजारी जाऊन बसल्या. तो पुढचा तासभर त्यांना काचांचे प्रकार सांगत होता. मागून गाणी चालली होती. ताई म्हणतात, त्या तासात डोक्यात सारख्या दोनच गोष्टी येत होत्या. एक, की माणूस चार वर्षांपूर्वी गेला आणि आपण त्याला आज सकाळी भित्रा म्हटलं. आणि दुसरी, की मेणाचा ठिपका दारातून ओळखणाऱ्या बाईला अख्खा माणूस बदललेला कळला नाही. दुसरी जास्त लागली, असं त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं.

शेवटची जागा एक गोदाम होतं. तिथे मालिकेची खरी बोट पालथी घालून ठेवली होती, आणि मुळात ती निम्मीच होती. कॅमेऱ्याला जी बाजू दिसायची तेवढीच बांधलेली. लोकांनी तरी तिला हात लावून घेतले. एक बाई रडली. ताई बोटीच्या न बांधलेल्या बाजूला गेल्या, तर तिथे मुलगी होती.

ताई म्हणाल्या, "मुद्दे सुधारले होते. गेल्या चार वर्षांत. मला वाटलं, वयाने शहाणपण येतंय."

"बाबा एकच मुद्दा फिरवून फिरवून मांडायचे," मुलगी म्हणाली. "मी भाग पुन्हा पाहून लिहायचे."

"तुला खरंच वाटतं, तिने मुद्दाम केलं?"

"नाही. मला पहिल्यापासून वाटतं, ती विसरली."

"मग?"

"बाजू बाबांची होती ना."

 बसमध्ये ताई पुन्हा मागे येऊन बसल्या, तिच्याच शेजारी.

घरी आल्या आणि आठ दिवस टेबलाशी बसल्या नाहीत. सहा वाजले की गॅलरीत उभ्या राहायच्या. ह्यांनी मला खुणेने विचारलं, मी खुणेनेच गप्प केलं. नवव्या दिवशी त्यांनी मागची चार वर्षं काढून वाचली, शेवटापासून सुरुवातीकडे. वडील कुठे संपतात आणि मुलगी कुठे सुरू होते, ते त्यांना बघायचं होतं. तारीख माहीत असूनही सापडेना. "वहिनी, सांधा दिसत नाही," म्हणाल्या.

मग त्यांनी एक पत्र लिहिलं, मुलीच्या आईला. मला वाचून दाखवलं, म्हणून माहीत आहे. 'तुमच्या यजमानांशी माझा सात वर्षं वाद होता. ते एकदाही खालच्या पातळीवर उतरले नाहीत. मी दोनदा उतरले. त्यांच्या निधनाची बातमी मला उशिरा कळली, म्हणून हे पत्र उशिरा.' पत्रात एवढंच होतं. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. आई फार शिकलेल्या नसाव्यात, अक्षर मोठं आणि मोकळं होतं. 'ते जेवताना तुमच्यावर फार चिडायचे. पण चांगलं जेवायचे. मुलगी माझ्याशी सगळं बोलत नाही. तुमच्याशी बोलली, बरं झालं.'

मुलीने ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं. बरेच जण हळहळले, काही चिडले, दोन-चार जणांनी ग्रुप सोडला. ताईंनी तिथे एक अक्षर लिहिलं नाही आणि हळूहळू जाणंच थांबवलं. कुणी तरी त्यांना विचारलं, तिकीटवालीचं आता काय? त्या म्हणाल्या, "समोरचा पक्ष हजर नाही. प्रकरण तसंच राहील."

त्या हिवाळ्यात मुलगी आमच्याकडे दोन दिवस राहायला आली. ताईंना सूप करता येतं तेवढंच येतं, ते त्यांनी दोन्ही दिवस केलं. मालिकेचं नावही निघालं नाही. मुलीच्या लॅबमधली साहेबीण, आईचे कान, ताईंची निवृत्ती, एवढंच बोलणं. निघताना मुलगी वाकली, तर ताई मागे सरकल्या.

आता महिन्यातून एकदा फोन येतो, अर्धा तास चालतो. भेटल्या दिवशी बसमध्ये ताई तिला अगं-तुगं करत होत्या. आता अहो-जाहो करतात. मी म्हटलं, "ताई, हे उलटं कसं? पोरगी आहे ती, लेकीच्या वयाची."

म्हणाल्या, "असू दे हो. ओळख होऊन दोनच वर्षं झालीत."